ढासळते नदीकाठ : कृष्णा खोऱ्याच्या निमित्ताने एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

नदीचा काठ ढासळू लागला म्हणजे त्याचे काय करावे, या प्रश्नाचा महाराष्ट्रात एकत्रित विचार क्वचितच झाला आहे, आणि त्याचे साधे कारण असे की हा प्रश्न कोणत्याही एका खात्याच्या दप्तरी संपूर्णपणे दाखल नाही. जलसंपदा खाते त्याला पूरसंरक्षणाचे काम समजते. महसूल खाते त्याची नोंद वाहून गेलेल्या क्षेत्राची वजावट म्हणून करते. कृषी खात्याच्या लेखी तो मृदसंधारणाचा एक पोटभाग. नगरपालिका व महानगरपालिका त्याकडे सुशोभीकरणाच्या दृष्टीने पाहतात. आणि वनखात्याचा संबंध आला तर तो वृक्षारोपणापुरता येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विखुरलेल्या दृष्टींच्या जोडीला आणखी एक दृष्टी आली आहे. काठ हा नदीच्या देहाचाच अवयव असून तेथील झाडोरा, गाळ, कपारी आणि ओल यांवर मासे, पक्षी, कासवे व मगरी यांचे जीवन आणि काही अंशी पाण्याची प्रतही अवलंबून असते, तेव्हा ढासळता काठ नुसता थोपवून न धरता त्याची जिवंत अशी पुनर्स्थापना करावी, असे ही दृष्टी सांगते.

या चर्चेत आज कोणकोणते पक्ष आहेत, त्यांचा आधार किती भक्कम आहे आणि कोणत्या बाबी अद्याप निकालात निघालेल्या नाहीत, याचा आढावा येथे मुख्यतः सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णा खोऱ्याच्या आधारे घ्यावयाचा आहे. परदेशांतील प्रयोगांचा उल्लेख जेथे त्यांनी या चर्चेला खरोखर वळण दिले तेथेच येईल.

पूर्वपीठिका

कृष्णाकाठी काठ बांधून काढण्याची परंपरा जुनी आहे. वाईस रास्त्यांनी आणि मेणवलीस नाना फडणवीसांनी बांधलेले घाट आजही उभे आहेत, आणि ज्या प्रवाहाने आसपासचे काठ वेळोवेळी कापून नेले त्याच प्रवाहाला या घाटांच्या पायऱ्यांनी दोन शतकांहून अधिक काळ तोंड दिले आहे. परंतु या घाटांची एक मर्यादा त्यांच्या बांधकामातच होती : ते गावाच्या किंवा देवळाच्या रुंदीपुरते होते. त्यांच्या खाली व वर मैलोगणती पसरलेला काठ मोकळा असे, आणि त्या मोकळ्या काठाचा उतारावरील भाग म्हणजे मळीची जमीन. दर पावसाळ्यात पुराचे पाणी तिच्यावरून फिरे, जाताना गाळाचा एक थर ठेवून जाई, आणि त्या गाळात हिवाळ्यात भाजीपाला पिके. कृष्णाकाठच्या वांग्यांचा लौकिक या मळीच्या जमिनीवरच उभा राहिला. मळी धरणारा शेतकरी हे जाणून असे की एखाद्या वर्षी नदी देईल आणि एखाद्या वर्षी नेईल. त्याने तेथे ना विहीर खणली, ना घर बांधले.

ही घडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडली. कोयनेवर १०५ टीएमसी साठ्याचे धरण झाले. पुढे धोम, कण्हेर, वारणा ही धरणे आली. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पडले. उपसा सिंचनाच्या योजनांनी काठाकाठाने जॅकवेल बसवल्या, आणि ऊस अगदी काठाच्या कडेपर्यंत येऊन ठेपला. मळीचा उतार सपाट करून तो वरच्या शेतात सामील करण्यात आला, कोठे त्यातील पोयटा वीटभट्ट्यांना गेला, आणि पात्रातील वाळू शहरांच्या बांधकामांना. याच काळात काठावरची वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर ही झाडे आणि पात्राच्या कडेची शेरणीची जुंबाडे पुष्कळ ठिकाणी नाहीशी झाली, आणि त्यांच्या जागी वेडी बाभूळ व बेशरम यांनी ठाण मांडले.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्यानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही लक्ष वेधले. सार्वजनिक चर्चा मात्र बहुतांशी धरणांतील विसर्ग आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा फुगवटा यांभोवतीच फिरत राहिली. पूर ओसरताना जे काठ बसले, त्यांची दखल पंचनाम्यांतील ‘जमीन खरवडून गेली’ या शेऱ्यापलीकडे फारशी गेली नाही.

काठ का ढासळतो

लोकांच्या मनात सर्वसाधारण समजूत अशी असते की पुराच्या लोंढ्याने काठ तुटतो. ती अर्धी खरी आहे. मिरज तालुक्यातील एखाद्या उभ्या कापलेल्या काठासमोर उभे राहून वरून खाली पाहिले तर त्याचे निराळे कारण डोळ्यांना दिसते. सर्वांत वर पुरुष-दीड पुरुष काळी चिकण माती, उन्हाळ्यात हात आत जाईल इतक्या रुंद भेगा पडलेली. तिच्याखाली पिवळसर, चुनखडीचे खडे असलेला पोयटा. आणि त्याच्याही खाली, पाण्याच्या पातळीलगत, वाळूचा किंवा बारीक गोट्यांचा पट्टा. पुरात हा संपूर्ण काठ पाण्याने तुडुंब भिजतो. जोवर पात्रात पाणी आहे तोवर ते पाणीच काठाला बाहेरून टेकू देत असते. पातळी झपाट्याने उतरली की टेकू जातो, मातीतील पाणी मात्र आतच कोंडलेले राहते. ते खालच्या वाळूच्या पट्ट्यातून पाझरताना वाळूचे कण घेऊन बाहेर पडते, काठाच्या बुडाशी पोकळी होते, आणि वरचा काळ्या मातीचा जड ठोकळा आपल्याच भेगेवर सुटून खाली येतो. म्हणून पुष्कळ काठ पुराच्या ऐन भरात न पडता पूर उतरल्यावर, उन्हे पडली असताना, कोसळतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे काठाच्या ढासळण्यामागील मानवी कारणांची संगती लागते. धरणाच्या दरवाजांतून सोडलेले पाणी जेव्हा एकदम बंद होते तेव्हा पातळी निसर्गतः उतरावी त्याहून वेगाने उतरते. धरणात गाळ अडकून राहिल्यामुळे खाली येणारे पाणी गाळविरहित असते, आणि त्याची वाहून नेण्याची शक्ती शिल्लक असल्याने ते पात्राचा तळ व काठ यांतून माल उचलू लागते. कॅलिफोर्नियातील भूरूपशास्त्रज्ञ मॅथियस कोंडॉल्फ यांनी १९९७ साली याला ‘भुकेले पाणी’ असे नाव दिले. वाळू उपशाने तळ खोल जातो, म्हणजेच काठाची उंची वाढते, आणि उंच काठ स्वतःच्याच वजनाने अस्थिर होतो. हा खोलावा उपशाच्या जागेपुरता राहत नाही. तो पात्रात वरच्या अंगाला सरकत जातो, त्यामुळे एका गावच्या हद्दीतील वाळू दुसऱ्या गावचा काठ पाडू शकते. उसाला पाटाने दिलेले पाणी उन्हाळ्यातही काठाची माती ओली ठेवते. उपसा योजनेच्या नळांसाठी काठ फोडून काढलेली चर नीट दाबून न भरल्यास पावसाचे पाणी तिच्यातून वाट काढते आणि पुढे तीच घळ होते.

बंधाऱ्यांची कथा वेगळी सांगण्यासारखी आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढावयाचे आणि पावसाळा संपल्यावर घालावयाचे, हा शिरस्ता. बरगे वेळेवर निघाले नाहीत, किंवा निघूनही झाडझाडोरा व जलपर्णी खांबांत अडकली, तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून बाजूचा मातीचा काठ फोडते. बंधारा कोरडा उभा आणि नदी त्याच्या शेजारून नव्या वाटेने वाहते आहे, असा देखावा ज्यांनी पाहिला आहे त्यांना बांधकामाच्या भक्कमपणावर सर्व भिस्त ठेवता येत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

पहिला पक्ष : दगडाचा काठ

जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांचा परंपरागत पक्ष असा की जेथे गाव, पूल, रस्ता किंवा पाणीपुरवठ्याची जॅकवेल धोक्यात आहे तेथे दगडी पिचिंग, जाळीतील दगडांचे गॅबियन किंवा धक्का भिंत याखेरीज भरवशाचा उपाय नाही. या पक्षाची बाजू हलक्याने घेण्यासारखी मुळीच नाही. काठाचे खरे युद्ध त्याच्या पायथ्याशी, बारमाही पाण्याखाली होते, आणि तेथे झाड उगवत नाही. काठ जर २५-३० फूट उंच असेल तर वरच्या झाडाची मुळे त्या पायथ्यापर्यंत पोहोचतही नाहीत. शिवाय दगडी कामाचे अंदाजपत्रक करता येते, त्याची मोजमाप-वही ठेवता येते, आणि काम बिघडल्यास जबाबदारी ठरवता येते. सार्वजनिक पैशाचा हिशेब ज्यांना द्यावा लागतो त्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

या उपायाचे दोषही आता निर्विवाद मानले जातात. गुळगुळीत व कठीण काठाशी प्रवाहाचा वेग वाढतो, आणि जेथे पिचिंग संपते तेथल्या किंवा समोरच्या काठावर तो उतरतो. पिचिंगखाली गाळणीचा थर नीट न घातल्यास आतील माती पाझराबरोबर निघून जाते आणि वरचे दगड खचतात. अधिवासाच्या दृष्टीने पाहता सलग भिंतीवर सावली नाही, पाण्यात पडणारी पाने नाहीत, माशांच्या पिलांना दडण्यास मुळांच्या जाळ्या नाहीत आणि कासवाला वर येण्यास उतार नाही.

दुसरा पक्ष : जिवंत काठ

दुसरा पक्ष काठाचा उतार सौम्य करून त्यावर वनस्पतींचे आच्छादन उभे करावे असे म्हणतो. याची कृती साधारणतः अशी : उभा कडा तासून त्याला दोनास एक किंवा त्याहून सौम्य ढाळ द्यावयाचा; पायथ्याशी मर्यादित प्रमाणात मोठे दगड किंवा लाकडी ओंडके रोवावयाचे; मधल्या उतारावर काथ्याचे जाळे अंथरून त्यात वाळा, लव्हाळे व गवते लावावयाची; वाळुंज व निर्गुडी यांच्या ओल्या फांद्यांचे खुंट ठोकावयाचे, जे पालवून मूळ धरतात; आणि वरच्या पट्ट्यात करंज, जांभूळ, अर्जुनसादडा, उंबर यांसारखी, पुराचे पाणी सोसणारी झाडे वाढवावयाची. वाळ्याची मुळे अनुकूल मातीत तीन-चार मीटरांपर्यंत सरळ खाली जातात, आणि १९८० नंतर जागतिक बँकेतील तज्ज्ञांनी बांधबंदिस्तीसाठी त्याचा मोठा पुरस्कार केला. कर्नाटकातील शेतकरी बांधावर वाळा लावण्याची ही रीत त्यापूर्वीपासूनच जाणत होते.

या पक्षाचे बळ असे की काम जुने होत जाते तसे ते दुर्बळ न होता बळावते. त्याची अडचण पहिल्या दोन पावसाळ्यांत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या रोपाला जूनपर्यंत पाणी द्यावे लागते, जनावरांपासून राखावे लागते, आणि मूळ पुरते धरण्याच्या आतच जुलैचा पूर त्याच्या डोक्यावरून जातो. युरोपातील बहुतेक नद्यांच्या पाण्याची पातळी वर्षभरात हळूहळू चढते-उतरते. आपल्याकडे वर्षाच्या पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्यामुळे तेथील हस्तपुस्तिका येथे जशीच्या तशी चालत नाही. दुसरी अडचण शासकीय व्यवस्थेची : ठेकेदाराची जबाबदारी बहुधा रोप लावण्याने संपते, आणि काठाला खरी गरज तीन वर्षांच्या राखणीची असते.

तिसरा पक्ष : नदीला जागा

तिसऱ्या पक्षाचा आग्रह असा की काठ एका रेषेवर धरून ठेवण्याचा अट्टहास हाच मूळ दोष असून नदीला सरकण्यास, पसरण्यास एक पट्टा मोकळा द्यावा. नेदरलँड्समध्ये १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर, ज्यांपैकी दुसऱ्यात सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, सरकारने बांध अधिक उंच करण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी ते मागे घेण्याचा किंवा नदीला वाव देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. म्युनिकमध्ये २००० ते २०११ या काळात इझार नदीच्या ८ किलोमीटर भागातील जुने बांधीव काठ काढून तिला गोट्यांची बेटे व उथळ किनारे पुन्हा घडवू दिले गेले. फ्लोरिडातील किसिमी नदी १९६२ ते १९७१ या दरम्यान सरळ कालव्यात कोंडली होती. तिचा सुमारे ७० किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवाह पूर्ववत करण्याचे काम २०२१ साली पुरे झाले. कोंडण्यास एक दशक आणि सोडवण्यास त्याच्या दुपटीहून अधिक काळ, असा तो हिशेब आहे.

या पक्षाच्या अधिक आग्रही शाखेने तर धूप हीच इष्ट मानली आहे. फ्लोर्शाइम, माउंट व चिन या अभ्यासकांनी २००८ साली असे प्रतिपादन केले की काठाची झीज हा नदीच्या प्रकृतीचा भाग असून तिच्यातूनच नव्या अधिवासांची निर्मिती होते. आपल्याकडील पक्षीनिरीक्षकांना हे पटण्यासारखे आहे. पाकोळ्यांच्या वसाहती, खंड्याची बिळे आणि वेड्या राघूची घरटी यांना ताजा कापलेला उभा काठच लागतो; हिवाळ्यात अशा एखाद्या कड्यावर शेकडो छिद्रांतून पाकोळ्यांची ये-जा चाललेली असते. तो कडा तासून त्यावर वाळा लावला तर एक अधिवास निर्माण होतो आणि दुसरा नष्ट होतो. मगरींचेही तसेच. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरींची वस्ती आहे. त्या उन्हासाठी मोकळे उतार वापरतात, काठात बिळे करतात आणि हिवाळ्याअखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी मोकळ्या मातीत-वाळूत अंडी घालतात. तेव्हा अधिवास सुधारावयाचा तो नेमका कोणाचा, आणि ज्या पाणवठ्यावर माणसे धुण्यास व पोहण्यास उतरतात तेथे तो किती सुधारावयाचा, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही पक्षाने दिलेले नाही.

दख्खनच्या नद्यांविषयी आणखी एक आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. शरद राजगुरू, विश्वास काळे प्रभृती संशोधकांच्या अभ्यासातून असे दिसते की पठारावरील आपल्या नद्या पुष्कळ ठिकाणी खडकात किंवा प्राचीन गाळात खोल रुतलेल्या आहेत. त्यांचे उंच काठ हजारो वर्षांपूर्वीच्या, वेगळ्या हवामानातील गाळाचे आहेत. संगमनेर परिसरातील प्रवरेच्या घळी त्याची साक्ष देतात. वळणे घेत सरकणाऱ्या युरोपीय मैदानी नदीचे चित्र समोर ठेवून कृष्णा-गोदावरीला ‘पूर्वरूप’ देऊ पाहणे म्हणूनच शंकास्पद ठरते. अशीच ठेच अमेरिकेतही लागली : रॉबर्ट वॉल्टर व डोरोथी मेरिट्स यांनी २००८ साली दाखवून दिले की पूर्व अमेरिकेतील ज्या नागमोडी प्रवाहांना आदर्श मानून पुनर्स्थापना होत होती, त्यांचे काठ हे वसाहतकाळातील गिरण्यांच्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या गाळाचेच होते.

पाण्याची प्रत

काठ सुधारला की पाणी सुधारते, हे विधान पुनर्स्थापनेच्या प्रत्येक प्रस्तावात असते. त्यातील सत्य आणि अतिशयोक्ती वेगळी केली पाहिजे. काठची माती नदीत जाणे थांबले तर गढूळपणा आणि मातीच्या कणांना चिकटून येणारे स्फुरद कमी होते, याबद्दल मतभेद नाही. विल्यम पीटरजॉन व डेव्हिड कॉरेल यांनी १९८४ साली मेरीलँडमधील अभ्यासात मक्याच्या शेतातून झिरपणारे नत्र काठच्या वनपट्टीत मोठ्या प्रमाणात अडते असे दाखवले, आणि तेव्हापासून काठची हिरवी पट्टी हा जलप्रदूषणावरील मान्य उपाय झाला.

परंतु ही पट्टी तिच्यातून जाणाऱ्या पाण्यावरच काम करते. सांगली व शिरोळ भागात क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी भूमिगत सच्छिद्र नळ्यांचा निचरा बसवण्यात येत आहे, आणि शेतीच्या दृष्टीने तो हितकारकच आहे. त्या नळ्यांतील खताळ व क्षारयुक्त पाणी मात्र पट्टीच्या मुळांना स्पर्शही न करता नाल्यात व नदीत उतरते. सांगलीचा शेरीनाला किंवा कोल्हापूरचा जयंती नाला यांतून येणाऱ्या सांडपाण्यालाही काठावरच्या जांभूळ-करंजाचा काही अटकाव नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातील होते, आणि हा अहवाल ज्या निकषावर आधारलेला आहे ती जैविक प्राणवायूची मागणी मुख्यतः सांडपाण्यातून येते. म्युनिकच्या इझारमध्ये लोक पुन्हा पोहू लागले त्यामागे काठाच्या कामाइतकाच वरच्या गावांतील मैलापाण्यावर बसवलेल्या निर्जंतुकीकरणाचा वाटा होता. काठ आणि सांडपाणी ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि एकाच्या निधीतून दुसऱ्याचे श्रेय घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

शहरांतील वाद

शहरांत या प्रश्नाला निराळीच धार येते. पुण्यात मुळा, मुठा व मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या काठांचा विकास करण्याची योजना महानगरपालिकेने हाती घेतली. योजनेचे समर्थक म्हणतात की आज काठांवर राडारोडा टाकला जातो, अतिक्रमणे वाढतात आणि नागरिकांना नदीपर्यंत जाण्यास वाटच नाही. निश्चित केलेला, बांधीव व सार्वजनिक काठ या तिन्हींना आळा घालील. विरोधक म्हणतात की भरावाने पात्राचा छेद अरुंद होतो, पुराची पातळी वाढते, आणि जुनी झाडे व पाणथळ कडा जाऊन त्यांच्या जागी बाग येते. वादाचे पडसाद हरित न्यायाधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत उमटले. साबरमतीचा दाखला दोन्ही बाजू देतात : अहमदाबादेत काठ लोकांना खुला झाला हे खरे, आणि तेथे दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्याचे आहे हेही खरे. नाशिकमध्ये उलट दिशेची मागणी आहे, गोदापात्रात घातलेले काँक्रीट काढून टाकण्याची.

जमीन आणि दप्तर

आमच्या मते वरील तिन्ही पक्षांतील खरा अडसर तंत्राचा नाही; तो जमिनीचा आहे. दगडाला दहा फूट जागा पुरते, जिवंत काठाला पन्नास, आणि नदीला जागा देण्याच्या पक्षाला त्याहून पुष्कळ अधिक. ही जागा कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. जलसंपदा खात्याने पूररेषा आखण्याची पद्धत १९८९ पासून घालून दिली आहे : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, पहिलीच्या आत निषिद्ध क्षेत्र आणि दोहोंच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. पण या रेषा बांधकामाचा विचार करतात, पिकाचा नाही. काठाच्या कडेपर्यंत ऊस लावण्यास त्यांची आडकाठी नाही. नदीकाठच्या उद्योगांवर अंतराची बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण राज्याने २००० साली स्वीकारले, २००९ साली सुधारले आणि २०१५ साली रद्द केले.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत मळईने वाढलेल्या जमिनीच्या वापराची आणि वाहून गेलेल्या जमिनीच्या साऱ्यात सूट देण्याची तरतूद आहे. आकारणी नाममात्र असलेल्या आजच्या काळात त्या सवलतीला अर्थ उरलेला नाही. शेतकऱ्याचे नुकसान साऱ्याचे नसून जमिनीच्या किमतीचे आहे. ज्याची दहा गुंठे जमीन दरवर्षी पाण्यात जाते तो काठावर भराव टाकतो, दगड ओततो, समोरच्याशी भांडतो, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पट्टा सोडणाऱ्यास भरपाई द्यावी, की भाडेपट्ट्याने तो शासनाने घ्यावा, की बांबू व फळझाडे यांसारखे उत्पन्न देणारे पीक तेथे त्याच्याकडूनच करवावे, या तिन्ही तजविजा चर्चेत आहेत. शेवटची आम्हांस सर्वांत व्यवहार्य वाटते, कारण जुनी मळी हीच मुळात अशी, नदीचे येणे-जाणे गृहीत धरणारी शेती होती.

वाळूच्या बाबतीत कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लहान क्षेत्राच्या उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली, आणि २०१६ व २०२० साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. उत्खननापूर्वीचा व नंतरचा तळ मोजणे हा त्यांचा गाभा आहे. अंमलबजावणीचा कस तेथेच लागतो.

अनिर्णित बाबी

या सर्व चर्चेत सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. अमेरिकेत एमिली बर्नहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली सदतीस हजारांहून अधिक नदी-पुनर्स्थापना प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा केवळ सुमारे दहा टक्क्यांत नंतरच्या मोजणीचा काही उल्लेख आढळला. इतका पैसा व इतक्या संस्था असलेल्या देशाची ही स्थिती, तर आपल्याकडे निराळी अपेक्षा कशी करावी? जलयुक्त शिवार अभियानात नाले रुंद व खोल करण्यात आले, चिपळूणमध्ये २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्यात आला. काढलेल्या गाळाचे घनमीटर नोंदवले जातात, पण पुढच्या पावसाळ्यात कोणता काठ टिकला आणि कोणता बसला याचा तक्ता सामान्य वाचकाच्या हाती पडत नाही.

याखेरीज तीन प्रश्न खुले आहेत. धरणांचे दरवाजे बंद करताना पातळी किती वेगाने उतरू द्यावी, याचा विचार काठांच्या दृष्टीने व्हावा काय, आणि पूरनियंत्रणाच्या गरजेशी त्याचा मेळ कसा घालावा? वीस-पंचवीस फूट उंच, प्राचीन गाळाच्या काठाला जिवंत उपाय कोणत्या उंचीपर्यंत पुरे पडतो आणि कोठून पुढे दगडाला पर्याय नाही? आणि पट्टीची रुंदी किती असावी, हे काळ्या मातीत, उसाच्या रानात, पावसाळी पाझरावर प्रत्यक्ष मोजून कोण ठरवील? परदेशी पुस्तकांतील मीटर येथे उसने आणून भागणार नाही.

२०२२ च्या गांधी जयंतीस राज्याने ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले आणि नदीनिहाय समित्यांची कल्पना पुढे आली. अशा समित्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या गावच्या हद्दीत काठाचे पाच-सहा छेद निवडावे, वरच्या शेतात पक्के दगड रोवून तेथपासून कडेपर्यंतचे अंतर व पात्राची खोली दर वर्षी मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा टेपेने मोजावी, जवळ कोणती झाडे आहेत, बिळे आहेत, पिचिंग आहे, वाळूचा ठेका आहे, ते लिहावे, आणि ती वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. या कामास टेप, दोरी आणि दोन माणसे लागतात. दहा गावांनी पाच वर्षे ते केले तर वरीलपैकी निदान दोन प्रश्नांना उत्तर देण्याइतकी सामग्री हाती येईल, आणि आज ती कोणाहीजवळ नाही.